मदत हवी आहे: खताच्या ड्रमवर लावायला विनोदी पाट्या

सोसायटीच्या खताच्या ड्रमसाठी हसवणाऱ्या पाट्या हव्यात, पण सूचना नेमकी हवी. १ बादली ओल्या कचऱ्यावर २ बादल्या सुका पाला, आठवड्यातून दोनदा ढवळणं. मूठभर खत पिळलं तर एक-दोन थेंबच गळावेत. धार लागली तर पाला कमी पडलाय. हवा कोंडली की घाण वास सुटतो, शिवाय मिथेन वायू तयार होतो, जो १०० वर्षांच्या हिशोबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो.

नमुना: "नुसतं ओलं घातलंत तर ढेकर मला, वास तुम्हाला. वर पाला टाका! – तुमचा ड्रम"

चेष्टा ड्रमचीच हवी. रहिवाशांना किंवा सफाईवाल्या मावशींना टोमणा नको. माणूस दुखावला की वर्गीकरण करणंच सोडतो. मिथेनवर भारुडाच्या ढंगातल्या दोन ओळी कुणी सुचवाल का? तिथंच अडलंय.