बिशप हेबर बडोद्याला आले होते, त्यांच्याबद्दल कोणी सांगेल का?

मांडवीकर:
दुसऱ्या सयाजीराव महाराजांबद्दल वाचताना बिशप हेबर हे नाव येतं. मार्च 1825 मध्ये ते बडोद्याला आले, महाराजांना भेटले आणि फतेगंजातल्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण त्यांनीच केलं, एवढं समजलं. पण कलकत्त्याचे बिशप इतक्या लांब कशासाठी आले? आणि माणूस कसा होता?

अलका_फतेगंज:
मांडवीकर, माझं माहेर नगरचं, सासर इथलं. फतेगंजात राहते, त्यामुळे हेबर माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

कलकत्त्याचे बिशप इथे आले कारण हिंदुस्थानात दुसरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, बिशपच नव्हता. 1814 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी मिळून एक धर्मप्रांत केला. हेबर यांच्या काळात सिलोन (आजची श्रीलंका) आणि पार ऑस्ट्रेलियातली वसाहतही त्यातच होती. मद्रासला वेगळा बिशप मिळाला 1835 मध्ये, मुंबईला 1837 मध्ये. कामाच्या या ओझ्याखाली आणि हवेपायी पहिले चारही बिशप थोड्या थोड्या वर्षांत गेले: मिडलटन 1822, हेबर 1826, जेम्स 1828, टर्नर 1831.

रेजिनाल्ड हेबर 1783 मध्ये चेशायरमधल्या माल्पस गावी जन्मले. ऑक्सफर्डला कवितेसाठी नाव कमावलं, मग हॉडनेट या गावात कितीतरी वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. कलकत्त्याला आधी नाहीच म्हणाले होते. घरात लहान मुलगी होती, त्याआधीची एक मुलगी गेलेली. शेवटी तयार झाले आणि ऑक्टोबर 1823 मध्ये पोचले. जून 1824 मध्ये गंगेतून नावेने दौऱ्यावर निघाले. सोबतचे पाळक स्टो ढाक्यालाच वारले, तरी हे पुढे जात राहिले. लखनौ, अल्मोडा, दिल्ली, जयपूर, नीमच आणि मग आपलं बडोदं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बडोद्यानंतरची नडियादची भेट. तिथे स्वामीनारायण संप्रदायाचे सहजानंद स्वामी त्यांना भेटायला आले, बरोबर सुमारे दोनशे घोडेस्वार. बिशपसाहेबांबरोबरही बंदूकधारी शिपाई होतेच. दोन धर्मगुरू आपापली फौज घेऊन भेटतात, याचं त्यांना मनातून वाईट वाटलं. पुढे ते लिहितात की स्वामींचे स्वार त्यांचे स्वतःचे शिष्य, प्रेमाने आलेले. माझे शिपाई नुसते हुकमाचे, त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नाही. कंपनीच्या राज्यातला बिशप स्वतःच्या डायरीत हे कबूल करतो, म्हणून मला हा माणूस मोठा वाटतो. उपदेश करायला आलेले बरेच होते, असं पाहणारे फार थोडे.

दख्खनी:
अलकाताई, तंजावरलाही ते गेले होते ना? सरफोजी राजांकडे?

अलका_फतेगंज:
हो, मार्च 1826 मध्ये. वर्षभराच्या अंतराने दोन मराठी दरबार पाहिलेला हा बिशप! सरफोजी राजे लहानपणी श्वार्ट्झ या मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली शिकलेले. लॅव्हॉझिए, लिनियस, बुफाँ या युरोपियन शास्त्रज्ञांचे दाखले ते सहज देतात, हे पाहून हेबर थक्क झाले. अनेक राजे पाहिले, पण वागण्यात एवढं राजेपण कुणात नाही, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

तिथून त्रिचनापल्लीला गेले. 3 एप्रिलला पहाटे तमिळ ख्रिस्ती मंडळीच्या भक्तीला हजर राहिले, तमिळमध्ये आशीर्वाद दिला. परत येऊन अंघोळीच्या हौदात उतरले ते गेलेच. वयाची त्रेचाळीस वर्षंही पूर्ण नव्हती. कबर तिथल्या सेंट जॉन्स चर्चमध्ये आहे. डायरी त्यांच्या पत्नी अमेलिया यांनी 1828 मध्ये छापली.

विवेक_न:
एवढं कौतुक नको. सिलोनचा निसर्ग सुंदर पण माणूस तेवढा नीच, असं चर्चमध्ये म्हणायचं गीत याच हेबर यांचं. 1925 मध्ये कलकत्त्यात मिशनऱ्यांसमोर गांधीजींनी त्यावरून स्पष्ट ऐकवलं होतं.

अलका_फतेगंज:
विवेकजी, गांधीजींचं बरोबरच होतं. ते कडवं मलाही टोचतं, मी ते कधीच म्हणत नाही. पण तारीख बघा. गीत 1819 चं, तेव्हा त्यांनी ना हिंदुस्थान पाहिला होता ना सिलोन. इथे आल्यावर 1824 मध्ये त्यांनीच क्रिश्चन डेव्हिड या तमिळ माणसाला पाळकपणाची दीक्षा दिली. सिलोनमध्ये काम करणाऱ्या माणसाला, विवेकजी. न पाहता लिहिलेल्या ओळीपेक्षा पाहून केलेलं काम मी जास्त धरते. मांडवीकर, तुम्ही डायरीतला बडोदा ते नडियाद भाग आधी वाचा, मग आपण महाराजांच्या भेटीबद्दल सविस्तर बोलू.