अनुभव धागा: आकाश निरभ्र आणि दर्या खवळलेला

देवगडकरीण

डिसेंबर २०१७. ओखी वादळ लक्षद्वीपवरून वर सरकत होतं आणि केरळ-तामिळनाडूच्या होड्या आसऱ्यासाठी आमच्याकडे येत होत्या. साठाहून जास्त होड्या आणि नऊशेच्या वर माणसं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागली, त्यातली बरीच आमच्या देवगड बंदरात. भाषा कळेना, पण भूक कळत होती. आळीतल्या बायकांनी भात आणि कुळथाची पिठी रांधली. ३० नोव्हेंबरला वादळाला नाव मिळालं, तेव्हा ही माणसं आधीच खोल पाण्यात होती. त्यातला एक वयस्कर खलाशी मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "आसमान अच्छा था, पानी अच्छा नहीं था."

ते वाक्य मनातून जात नाही. आम्ही किनाऱ्यावरचे लोक, पाठीशी सह्याद्री आहे. चहूबाजूंनी पाणीच असलेल्या बेटावर माणूस हवामान कसं ओळखत असेल? बेटांवर राहिलेल्या, अडकलेल्या, नोकरी केलेल्या सगळ्यांनी लिहा. महिना, वारा, लाटा, जे आठवेल ते. दोन ओळी असल्या तरी चालतील.

फळा_खडू

मी २००५ ते २००९ मालदीवच्या दक्षिण भागात एका लहान बेटावर शाळेत शिकवत होते. बेट इतकं छोटं की शाळेच्या दोन्ही दारांतून समुद्र दिसायचा. जमिनीची उंची समुद्रापासून जेमतेम मीटर-दीड मीटर.

पहिल्या वर्षी शेजारच्या आजोबांनी मला त्यांचं पंचांग समजावलं आणि मी चकित झाले. तिथं वर्षाचे सत्तावीस 'नकइ' करतात, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. अस्सिदा, बुरुनु, केती, रोअनु, मियाहेलि, अदा. हळू म्हणून बघा: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा! तारखा आपल्याहून थोड्या मागेपुढे. आपण मृगावर पेरणी ठरवतो, ते नकइवर मासेमारी, होडीचा प्रवास आणि वाऱ्याची दिशा ठरवतात. एप्रिलमध्ये अस्सिदा लागलं की 'हुळंगू', म्हणजे नैर्ऋत्य मोसम, सुरू झाला असं धरतात. डिसेंबरपासून 'इरुवई', ईशान्येचा कोरडा मोसम. मी आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "मग त्यांचा हत्ती पडतो का?" हस्त त्यांच्याकडेही आहे, 'अता' म्हणतात.

आता ती गोष्ट. मे २००७, महिन्याचा मध्य, अमावास्येचं उधाण. ऊन कडकडीत, वारा नावाला. दुपारच्या तासाला मुलं खिडकीकडे बघायला लागली. प्रवाळाच्या कड्यावर लाट फुटते तो आवाज आम्हाला रोजचाच, श्वासासारखा. त्या दिवशी तो थांबून थांबून आणि फार खालच्या सुरात येत होता. मग एक लाट कड्यावर न फुटता तशीच आत आली. फेस नाही, उसळी नाही, नुसतं पाणी वर चढत गेलं. पटांगण, मग वाट, मग घरांची अंगणं. पावसाचा थेंब नव्हता आणि आम्ही गुडघाभर समुद्रात उभे होतो. तीन दिवस भरतीच्या वेळेला हेच.

अडीच वर्षांपूर्वीची त्सुनामी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, बायका मुलांना कवटाळून मशिदीत जाऊन बसल्या. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, ही 'उधा'. त्यांच्या भाषेत अशा चढून येणाऱ्या पाण्याला उधा म्हणतात. आपल्या उधाणाच्या इतका जवळचा शब्द ऐकून मला का कोण जाणे, धीर आला.

नंतर कळलं की या लाटा आफ्रिकेच्या टोकाखालच्या वादळात जन्मल्या होत्या. माझ्या शाळेवर ढग नव्हता, कारण ढग हजारो किलोमीटर लांब होता. खरं नुकसान मागाहून दिसलं. विहिरी खारट झाल्या. बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, तोच बिघडला. केळी पिवळी पडून गेली, अळूची खाचरं सुकली. पुढचे कित्येक आठवडे आम्ही छपरावरचं साठवलेलं पावसाचं पाणी मापून प्यायलो.

मोरिशसचा_मराठी

फळा_खडू ताई, तुमच्याकडे येण्याच्या दोन-तीन दिवस आधी तीच लाट आमच्या शेजारच्या रेयुनियन बेटावर आदळली होती. आमच्याही दक्षिण किनाऱ्यावर समुद्र फार मोठा होता. अशी लाट दिवसाला हजारेक किलोमीटर चालते, म्हणजे तुमच्याकडे कधी पोचणार हे मोजता येतं. त्या वेळी ते वेळेवर कुणी तुम्हाला सांगितलं असतं तर, असं वाचताना वाटत राहिलं.

माझे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आले. घरात मराठी टिकली आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आमच्या बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. आतलं पाणी हिरवं, उथळ, लेकरांनाही सोडावं असं. पण दक्षिणेला ग्री-ग्री इथं भिंतीत खंड आहे, तिथं समुद्र थेट कड्यावर येतो. पाहुण्यांना मी नेहमी सांगतो, भिंतीच्या आत आहात म्हणून निर्धास्त राहू नका. मोठ्या लाटा भिंतीवरून पाणी आत लोटतात आणि ते सगळं पाणी अरुंद खिंडीतून परत बाहेर जातं. वरून पाणी सपाट दिसतं, खाली नदीसारखी ओढ असते. माझा धाकटा भाऊ त्यात सापडला होता. कोळ्यांनी ओरडून सांगितलं, "आडवा पोह, समोर नको." आडवा पोहला म्हणून वाचला.

चक्रीवादळाला आम्ही 'सिक्लोन' म्हणतो. नोव्हेंबर ते मे हंगाम. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिल्यात घरचे दिवे, पाणी, तांदूळ बघून ठेवायचे. तिसरा लागला की सगळे घरात. चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले. आई फेब्रुवारी १९७५ च्या जर्व्हेजबद्दल सांगते, ताशी २८० किलोमीटरपर्यंतचे झोत. वादळाचा डोळा बेटावरून गेला. वारा एकदम पडला, चांदणंसुद्धा दिसलं, शेजारचे लोक पत्रे गोळा करायला बाहेर आले. आजीनं आईला दारातून आत ओढलं. मग वारा उलट्या दिशेनं आला. १९६० च्या अ‍ॅलिक्स आणि कॅरोलनंतर लोकांनी पत्र्याची आणि गवताची घरं सोडून काँक्रीटची बांधायला सुरुवात केली होती. आमचं घर तेव्हाचंच, आजही आम्ही त्यातच राहतो.

आणि १५ जानेवारी २०२४ चं बेलाल. वाऱ्यापेक्षा पाण्यानं मारलं. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहत होत्या. माझी मुलगी ऑफिसच्या वरच्या मजल्यावर रात्र काढून दुसऱ्या दिवशी घरी आली.

नांगरखुंटा

बोटीवर तीस वर्षं काढली, आता अलिबागला असतो. थोडक्यात लिहितो.

बोटीवर लाटेची उंची सगळे विचारतात, आम्ही आधी दोन लाटांमधले सेकंद मोजतो. पाच-सहा सेकंद असेल तर ती जवळच्या वाऱ्याची लाट, वारा पडला की तीही पडते. चौदा-सोळा सेकंदांची लाट लांबून आलेली. दिसायला आळशी, पण तिच्यात ताकद फार. मलबारकडे अशा पाण्याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, चोरटा समुद्र.

दुसरा प्रकार याच्या उलटा. सिंगापूरबाहेर नांगर टाकून होतो. पहाटेची पाळी, पाणी तेलासारखं. पश्चिमेला काळी कमान दिसली. याला तिथं 'सुमात्रा' म्हणतात. एप्रिल ते नोव्हेंबर, बहुतेक पहाटेच येतो. दहा मिनिटांत चाळीस नॉटचा वारा, शेजारचं जहाज पावसात दिसेनासं झालं आणि आमचा नांगर फरफटायला लागला. इंजिन तयार ठेवलं होतं म्हणून निभावलं. तासाभरात पुन्हा तेल.

ठाण्याची_मीरा

आम्ही अंदमानला अडकलेल्या चौदाशे पर्यटकांपैकी. डिसेंबर २०१६, हॅवलॉक, आताचं स्वराज द्वीप. सोबत सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा.

डिसेंबर म्हणजे पावसाळा संपलेला, हा आमचा मुंबईचा हिशेब. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा काळ असतो, हे तिथं कळलं. वीज गेली, फोन गेले, जेटीवर लाल बावटा. रोज सकाळी सगळे जेटीवर जायचे आणि परत यायचे. नौदलाची जहाजं आली तरी पहिल्यांदा त्यांनाही धक्क्याला लागता येईना, बाहेरच थांबावं लागलं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, एका बंगाली दुकानदारानं स्वतःच्या आईच्या दिल्या. त्यांचं घर मी विसरणार नाही. शेवटी नौदलाच्या जहाजातून पोर्ट ब्लेअरला आलो. तेच वादळ पुढे वर्धा नावानं १२ डिसेंबरला चेन्नईवर गेलं.

आता कुणी अंदमानला निघालं की सांगते, परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा आणि औषधं दुप्पट न्या.

पागोळी

लक्षद्वीपला कवरत्तीत दोन वर्षं होतो, बांधकामावर. तिथं बहुतेक बेटं प्रवाळाच्या कंकणाच्या पूर्व कडेला आहेत आणि लगून, म्हणजे कंकणाच्या आतलं उथळ पाणी, पश्चिमेला. पावसाळ्यात पश्चिमेकडून लाटा येतात तेव्हा उतरणं पूर्वेच्या जेटीवर. जहाज बाहेर उभं राहतं, लहान होडीत उतरायचं. होडी वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना टाकायचा नाही. खलाशी "आता!" म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही, एवढा एकच नियम.

कल्पेनीला पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा लांबच लांब बांध आहे. मला वाटलं सरकारी काम. म्हाताऱ्यांनी सांगितलं, १८४७ च्या तुफानानं समुद्रानंच तो रचला. मी दगडाचा हिशेब करणारा माणूस, त्या बांधावर उभा राहून मनात किती ट्रक होतील ते मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

देवगडकरीण

सगळ्यांचं वाचून काढलं, बाबांनाही वाचून दाखवलं. नांगरखुंटा काकांचे सेकंद ऐकून ते उठून बसले. एक आठवलं ते लिहिते.

४ मे २०२४. केरळसाठी आणि मुंबईसाठीही उंच लाटांचा इशारा आला होता, पण आमच्या घरी त्या दिवशी कुणी बातम्या बघितल्या नव्हत्या. आंब्याचे दिवस, अंगणात पेट्या भरणं चाललेलं, आभाळात ढग नाही, माडाचं झापही हलत नव्हतं. बाबा हातातला आंबा खाली ठेवून म्हणाले, "वारो नाय, पन पाणी वाजता हा. होडी वर घेवक व्हयी." भाऊ म्हणाला, जेवून घेऊ. बाबा चपला न घालताच खाली गेले. आम्ही चौघांनी होडी सुरूच्या झाडांपर्यंत ओढली. रात्री भरतीला, एरवी होडी असते त्या जागेवरून पाणी पार वर येऊन गेलं होतं. सकाळी तिथं वाळू नव्हती, नुसता काळा कातळ.