ऑटोमॅटिकने ड्रॅग: ‘एन’ला रेस देऊन ‘डी’त ढकला म्हणणाऱ्यांना उत्तर

कृष्णाकाठचा_पाना (सांगली)

परवा साताऱ्याच्या एका ग्रुपवरची ड्रॅगवरची (थांबलेल्या गाडीने सुटून सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळायची शर्यत) पोस्ट इकडे फिरत आली. मजकूर असा: “ऑटोमॅटिक गाडी सासूबाईंना महाबळेश्वरला न्यायला. ड्रॅगला तीन पेडलच पायजेत. तरी कुणाला खाज असलीच तर न्यूट्रलला ४००० आरपीएम लावा आणि हिरवा लागला की डीमध्ये ढकला.” पहिली दोन वाक्यं हसून सोडली असती. तिसरं वाचून एखादं पोरगं बापाच्या गाडीचा गिअरबॉक्स फोडणार, म्हणून लिहितोय.

बॉक्समधला फॉरवर्ड क्लच (‘डी’, म्हणजे ड्राइव्हमध्ये टाकल्यावर धरतो तो) आयडलला, म्हणजे ७००-८०० आरपीएमला, धरण्यासाठी बनवलेला असतो. ४००० ला धरायला लावलात की वेग पाचपट, पण जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे पंचवीसपट. ती सगळी मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या कागदी अस्तरात. अस्तर आधी काचेसारखं गुळगुळीत होतं, मग सुटतं, मग त्याची भुकटी व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागात) जाऊन बसते. त्यातून वाचलाच तर वन-वे क्लच तुटतो, नाहीतर चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा सीव्ही जॉइंट. असा बॉक्स उघडायलाही लागत नाही. ड्रेन प्लग सैल केला की कळतं: गुऱ्हाळात काहील करपल्यावर येतो तसा वास, आणि लाल ऑइलचा रंग कॉफीसारखा.

बरं, एवढं करून फायदा? काही नाही. डीमध्ये टाकल्यावर क्लचमागे ऑइलचा दाब भरायलाच अर्धा सेकंद जातो. तोवर शेजारची साधी गाडी निघून गेलेली असते.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणाऱ्या) गाडीची बरोबर रीत अशी. आधी १०-१५ किलोमीटर चालवून बॉक्सचं ऑइल गरम करा; कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे बॉक्स तापला असं नसतं. एसी बंद, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, स्पोर्ट मोड. डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजव्याने रेस हळूहळू. साध्या पेट्रोल गाडीत १८०० ते २५०० च्या मध्ये आरपीएम अडकतो, पुढे जात नाही. तो कन्व्हर्टरचा स्टॉल. त्याच्या दोन-तीनशे खाली धरा, ब्रेक सोडा आणि त्याच क्षणी पेडल जमिनीला. थांबलेल्या गाडीत कन्व्हर्टर टॉर्क जवळपास दुप्पट करून देतो. तीन पेडलचा, म्हणजे मॅन्युअलचा, क्लच एक न्यूटन-मीटरही वाढवून देत नाही.

हँडब्रेकवर हे करू नका. तो मागची चाकं धरतो, ओढणारी चाकं पुढची.

तीन_पेडल (सातारा)

मूळ पोस्ट माझीच. लेक्चर वाचलं. आता दोन गोष्टी.

एक, हिरवा दिवा लागल्यावर घड्याळ चालू होतच नाही. पुढचं चाक स्टेजचा बीम (सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण) सोडतं तेव्हा ईटी, म्हणजे तिथून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ, सुरू होतो. तुमचा तो अर्धा सेकंद रिॲक्शन टाइममध्ये जातो, ईटीमध्ये नाही. एवढं माहीत नसताना ड्रॅगवर लिहू नये.

दोन, तुमची ती ‘बरोबर रीत’ आजच्या निम्म्या गाड्यांत चालत नाही. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रेस कापतो. लहान टर्बो इंजिन, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) शून्य, ब्रेक सोडला की गाडी आधी जांभई देते. मॅन्युअलला साडेतीन हजारावर क्लच सोडला की ६० फुटांतच निकाल.

कृष्णाकाठचा_पाना

ईटीचं मान्य. पण शर्यत जिंकतो तो जो आधी पलीकडे पोचतो, आणि त्यात रिॲक्शन धरतात. तुझा ईटी चांगला आणि हातात पराभव, मग घरी जाऊन वेळेच्या स्लिपची फ्रेम कर.

रेस कापण्याचं: काही गाड्यांत ॲक्सिलरेटर आधी आणि ब्रेक नंतर दाबला तरच कापते. ब्रेक आधी, रेस नंतर, असा क्रम ठेवला की काही सेकंद देते. ज्या देतच नाहीत त्यांच्यात तुझं बरोबर. त्या गाड्या सुटताना आळशीच.

आणि साडेतीन हजारावर क्लच सोडलास की पुढची चाकं जागेवर फिरतात. वजन मागे जातं, ओढणारी चाकं हलकी होतात. ६० फुटांतला तुझा निकाल तो हाच.

कुपवाड_एमआयडीसी

‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द धरून भांडताय म्हणून गोंधळ. बॉक्स चार जातींचे आहेत.

एएमटी म्हणजे मॅन्युअल बॉक्सच, एक सुका क्लच, पाय फक्त मशीनचा. प्रत्येक गिअरला डुलकी. तिला ड्रॅगला नेऊ नका, विषय संपला.

डीएसजीत (दोन क्लचच्या बॉक्समध्ये) परत दोन. सात गिअरचा डीक्यू२०० सुक्या क्लचचा, मर्यादा २५० न्यूटन-मीटर. फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.५ टीएसआयचा टॉर्कच २५०, म्हणजे कारखान्यातूनच काठावर. त्यावर रीमॅप मारून (ईसीयू बदलून ताकद वाढवून) ब्रेकवर रेस धरलीत की क्लच जळणार. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसचे बॉक्स ओल्या क्लचचे, त्यांत लाँच कंट्रोल आहे (सुटताना रेस आणि क्लच गाडीच सांभाळते), ते वापरा. उलट व्हर्टसच्याच १.० ला टॉर्क कन्व्हर्टर. वरची रीत तिच्यासाठी.

सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये फक्त दाबाने धरलेला असतो. एकदा घसरला की पुलीवर चरा पडतो, आणि तो चरा पुढच्या वेळी पट्टा कापतो. ब्रेकवर रेस धरायचीच नाही. नुसतं पेडल दाबा, इंजिन जिथे जास्त ताकद देतं तिथेच तो आरपीएम धरून ठेवतो. आवाज मिक्सरसारखा येतो, पण वेळ वाईट येत नाही.

यवतेश्वर_घाट

कुणी हे सर्व्हिस रोडवर करायला जाऊ नका, एवढंच. मोटार वाहन कायदा कलम १८९. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी १ वर्ष, १०,०००.

तीन_पेडल

मग करायचं कुठे? आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर वर्षातून एकदा? बैलगाडीला कायदा झाला, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला, गावोगाव मैदानं भरतात. चाकोरी आखलेली, झेंडा पंच उभा, निकाल कॅमेऱ्यावर. आम्हाला ४०२ मीटर सरळ डांबर मिळत नाही.

यवतेश्वर_घाट

बैलाला ब्रेकवर रेस देत नाहीत म्हणून मिळतं.

गिअरऑइल_काका (मिरज)

सगळे सुटायचं कसं यावर भांडताय. उष्णतेवर कुणी बोललं का? २२०० आरपीएमला १५० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण साडेचौतीस किलोवॅट. गाडी उभी आहे, म्हणजे सगळी ताकद ऑइल तापवायला. घरातले २ किलोवॅटचे सतरा गिझर कन्व्हर्टरमधल्या दोन लिटर ऑइलला लावले असं समजा. सेकंदाला दहाएक अंश चढतात. म्हणून तीन सेकंदांच्या वर धरायचं नाही. कंपनीची स्टॉल टेस्टसुद्धा पाच सेकंदांत संपवतात.

एक रन झाला की इंजिन लगेच बंद करू नका. ‘पी’ला टाकून हजार-बाराशे आरपीएमवर १० मिनिटं चालू ठेवा. पंप फिरला तरच ऑइल कूलरमधून जातं. बंद केलंत की तापलेलं ऑइल कन्व्हर्टरमध्येच शिजतं.

आणि आता मुद्द्याचं. तुमच्यापैकी किती जणांनी बॉक्सचं ऑइल बदललंय? गाडीच्या पुस्तिकेत ‘लाइफटाइम’ लिहिलंय म्हणून गप्प बसलेत सगळे. कुणाची लाइफटाइम? वॉरंटीची!

विश्रामबाग_१००फुटी

काका, कंपनीचे इंजिनिअर मूर्ख आहेत का? लाइफटाइम म्हणजे लाइफटाइम. उलट लाखभर किलोमीटर झालेल्या बॉक्सला नवं ऑइल टाकलं की तो स्लिप व्हायला लागतो, हे कुठल्याही गॅरेजला विचारा.

गिअरऑइल_काका

विचारा ना. त्याच गॅरेजला हेही विचारा की ऑइल बदललं कसं. मशीन लावून दाबाने फ्लश केलं असेल तर तळातली सगळी भुकटी उचलून व्हॉल्व्ह बॉडीत घातली. शिवाय ज्याचं अस्तर आधीच गेलंय, त्याचा बॉक्स जुन्या ऑइलमधल्या भुकटीच्या चिकटपणावर कसाबसा धरत असतो. तो मेलेलाच होता, नव्या ऑइलवर नाव आलं.

बरोबर पद्धत ड्रेन आणि फिल. एका वेळी निम्म्याच्या आसपास निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून दोनदा-तीनदा करायचं, मध्ये दोन-तीनशे किलोमीटर चालवून. जेवढं निघालं तेवढंच मोजून घालायचं. आणि फिल प्लग आधी उघडायचा, मगच ड्रेन. आधी ड्रेन खोलून बसलात आणि फिल प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी रॅम्पवरच.

विश्रामबाग_१००फुटी

आणि लेव्हल? नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. अंदाजे घालून वाट लावणारे जास्त आहेत. म्हणूनच म्हणतोय, हात लावू नका.

गिअरऑइल_काका

डिपस्टिक नाही म्हणून लेव्हल नाही? ओव्हरफ्लो प्लग असतो! गाडी सपाट, इंजिन चालू, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरला पाच-पाच सेकंद, परत ‘पी’. स्कॅनरवर ऑइल ४० अंशांच्या आसपास दिसलं की प्लग उघडायचा. धार आली तर जास्त आहे, थेंबथेंब आलं तर बरोबर, काहीच नाही तर कमी. नेमकं तापमान त्या बॉक्सच्या सर्व्हिस डेटात असतं. ८० अंशांना तपासलंत तर ऑइल फुगलेलं असतं, लेव्हल बरोबर दिसते आणि थंड झाल्यावर कमी निघतं. मग ड्रॅगला गाडी सुटताना ऑइल मागे धावतं, पंप हवा ओढतो, आणि तुम्ही म्हणता ऑटोमॅटिक नाजूक.

तीन_पेडल

धागा ड्रॅगचा होता. इथे ऑइलचं दुकान लागलं.

कुपवाड_एमआयडीसी

दुकान बरोबर ठिकाणी लागलंय. सीव्हीटीला साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं ऑइल) घातलं की पट्टा घसरतो, डीक्यू२०० ला मेकाट्रॉनिकचं (गिअर-क्लच हलवणाऱ्या कंट्रोल युनिटचं) ऑइल वेगळं आणि गिअरचं वेगळं. ‘सगळ्याला चालतं’ लिहिलेला डबा दिसला की पुढचं दुकान गाठायचं.

विश्रामबाग_१००फुटी

बरं, समजा उघडलंच. सम्पमधल्या (बॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या तबकातल्या) चुंबकावर काय दिसलं तर घाबरायचं? की काका प्रत्येक वेळी बॉक्स खोलायला लावणार?

गिअरऑइल_काका

राखाडी, मऊ, बोटाला तेलकट पेस्टसारखं लागलं तर ती नेहमीची झीज. पुसा आणि बसवा. चमकणारे कण, सुईसारखे तुकडे दिसले तर बेअरिंग किंवा गिअर. चुंबकाला न चिकटणारी काळी भुकटी तळाला असेल तर ते क्लचचं अस्तर, म्हणजे कुणीतरी ‘एन’मधून ‘डी’त ढकललेलं आहे.

कृष्णाकाठचा_पाना

फिरून तिथेच आलं बघा. तीन_पेडल, तुमच्या त्या अमेरिकेत क्वार्टर माइलला काय वापरतात तेही सांगून टाक. पॉवरग्लाइड, १९५० चा दोन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, आजही ड्रॅगला बसवतात. त्यात ट्रान्सब्रेक: पहिला आणि रिव्हर्स एकदम धरून बॉक्सच जाम करायचा, बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी उडते. ब्रॅकेट रेसिंगमध्ये स्वतःचा वेळ आधी सांगून त्याच्या जवळात जवळ यावं लागतं. तिथे दहा रनमध्ये दहा वेळा तोच वेळ कोण देईल, पाय की कन्व्हर्टर?

तीन_पेडल

त्यांचा बॉक्स त्यासाठी बांधलेला असतो. शोरूमची गाडी आणि ते, तुलना कशाला? टॉप फ्युएलला तर गिअरबॉक्सच नसतो, नुसते क्लच असतात. मग काय, तोही ऑटोमॅटिक धरायचा?

पण ठीक आहे. सेकंदासेकंदाचा फरक न पडता तोच वेळ परत देण्यात ऑटोमॅटिक पुढे, हे मान्य. टायरचं कुणी लिहिलं नाही म्हणून तेवढं तरी मी सांगतो: पुढच्यात २६-२८ पीएसआय, मागच्यात ३६. डिकीतलं स्टेपनी आणि जॅक काढून ठेवा. टाकी पाव. ४५ किलो कमी झाले की क्वार्टर माइलला साधारण दशांश सेकंद मिळतो. हे तीन पेडलला आणि दोनला सारखंच.

मूळ पोस्टमधली ‘एन’-‘डी’वाली ओळ काढतो. सासूबाईंची ओळ राहणार.

गिअरऑइल_काका

राहू दे. सासूबाईंना सांग, ६० हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणावं.