हवा कोरडी व्हायला लागली की त्वचेसाठी काय करता? अनुभव लिहा

पावसाळी दमटपणा गेलाय, थंडी अजून यायचीये, पण तोंड धुतलं की गाल ताणल्यासारखे वाटतात आणि नडगीवर नख ओढलं की पांढरी रेघ उमटते. म्हणून धागा काढलाय. काय केलं, काय फरक पडला तेवढं लिहा, जाहिराती नकोत प्लीज.

सुरुवात मीच करते. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकायची, साबण फक्त काखा, जांघा, पाय एवढ्यालाच, बाकी नुसतं पाणी. टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच क्रीम. कपडे घालून, चहा पिऊन मग निवांत लावलं तर तेच क्रीम निम्मंसुद्धा काम करत नाही.

+१. फक्त एक, पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन या दिवसांत मला अजिबात पुरत नाही, त्यात पाणीच जास्त. डबीतलं घट्ट क्रीम घ्या. हातांना रात्री पेट्रोलियम जेली लावते, पण हात ओले करून मग, कारण जेली स्वतः ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवते.

हायलुरॉनिक सीरमने (ओलावा ओढून घेणारं पातळ द्रव) माझा चेहरा उलट जास्त कोरडा पडतो, असं कुणाला होतं का?

>> हो, नुसतं लावलं की मलाही व्हायचं. ओल्या चेहऱ्यावर लावा आणि वरून लगेच क्रीम. आणि रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते व्हिटॅमिन ए) चालू असेल तर या दिवसांत एक दिवसाआड करा. नाकाच्या कडेला साधं मॉइश्चरायझरसुद्धा चुरचुरायला लागलं की मी मृत त्वचा काढणारी ॲसिडं, स्क्रब, सगळं सरळ बंद ठेवते.

माझं नाही, बाबांचं लिहितो. दरवर्षी याच सुमारास रात्री पाठ आणि पोटऱ्या खाजवून खाजवून ओरखडे काढायचे, आम्हाला वाटलं ॲलर्जी. डॉक्टर म्हणाले वयाप्रमाणे त्वचेतलं तेल कमी होतं, त्यात ही हवा. १० टक्के युरियाचं क्रीम दिलं, पोटऱ्यांवरचे खवले गेले, झोपही लागायला लागली. मात्र भेगांवर किंवा खरचटलेल्या जागी लावलं की झोंबतं हां. बाबांना डायबेटीस आहे त्यामुळे टाचा ब्लेडने किंवा दगडाने घासायला सक्त मनाई केलीये, तळपाय रोज बघायचे, भेग दिसली तर दाखवायला जायचं.

ओठांबद्दल कुणीच लिहिलं नाही! जीभ फिरवायची सवय सोडा, थुंकी वाळली की ओठ आणखी फुटतात. मेंथॉलवाले थंडगार बाम मला बाधतात, साधी जेली बेस्ट.

सनस्क्रीन बंद करू नका एवढंच सांगते. ऊन कोवळं वाटलं तरी यूव्हीए (उन्हातले न दिसणारे, त्वचेला इजा करणारे किरण) ढगातून येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात. एसपीएफ ३० पुरतं.

लेकीला एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज, चट्टे येतात तो आजार) आहे, हवा बदलली की कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे ठरलेले. लोकर डायरेक्ट अंगाला लागू देत नाही, आत सुती घालते. क्रीम घेताना ‘फ्रॅग्रन्स फ्री’ लिहिलंय ना ते बघते, नुसत्या ‘अनसेंटेड’मध्ये वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. चट्ट्यातून पाणी यायला लागलं तर घरगुती काही नाही, थेट डॉक्टर. ह्युमिडिफायर (खोलीतल्या हवेत ओलावा सोडणारं यंत्र) कुणी वापरतं का? घ्यायचा विचार आहे, पण रोज धुवायला लागतो म्हणे, त्यावर अडलंय.