घरचं गॅरेज: कोणतं काम स्वतः करता आणि कुठे थांबता?

घरच्या घरी गाडी, पंप, इंजिन उघडून बसणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. अंगणातला पत्र्याचा आडोसा, सोसायटीच्या पार्किंगमधला कोपरा, शेतातली मोटारीची खोली, जिथे पान्यांची पेटी राहते ते गॅरेजच. पण हे ज्ञान लिहून ठेवायची पद्धत आपल्यात नाही. मिस्त्रींच्या हाताखाली राबलेल्या पोराला ते मिळतं, बाकीच्यांना नाही.

म्हणून हे आमंत्रण. तुमच्या यंत्राचं जे काम तुम्ही स्वतः करता ते मापांसकट, बारकाव्यांसकट लिहा. आणि कोणत्या कामाला हात लावत नाही, ते कुणाकडे नेता, तेही लिहा. मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. नवशिका नेमका तिथेच गोंधळतो.

दोन गोष्टी मीच आधी लिहितो. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली शिरायचं असेल तर जमीन सपाट आणि टणक हवी, टेकलेल्या चाकांना पुढूनमागून दगड हवेत आणि गाडीचा भार पक्क्या स्टँडवर हवा. दुसरं, शटर ओढून आत इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

आता तुम्ही लिहा.

चिंचवड, टूलरूममधून निवृत्त

आमची चेतक अजून रस्त्यावर आहे. नंबर लावून वर्षानुवर्षं जिची वाट पाहिली ती गाडी भंगारात घालवत नाही.

टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलच्या लिटरला २० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळायचं. ऑइल जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर कार्बनने चोंदतो, कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. गाडी कुरकुरली की आधी प्लग काढून त्याचा रंग बघायचा. तपकिरी असेल तर सगळं ठीक. ओला काळा म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय. पांढरट म्हणजे इंजिन फार तापतंय, ते चालवत राहू नये. प्लगचा गॅप ०.६ मिमी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून. डोळ्याचा अंदाज इथे कामाचा नाही.

कार्बोरेटरचा जेट फक्त हवेने साफ करा. त्यात तार घातली की पितळेचं भोक मोठं होतं आणि मग ॲव्हरेज का पडलं ते कुणालाच कळत नाही. सध्याच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांची आणखी एक काळजी घ्यावी लागते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो.

चेतकचं रिम दोन भागांचं असतं, नटांनी जोडलेलं. ते नट खोलण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडायची. हवा असताना खोललं तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येऊ शकतो.

पण मला खरं सांगायचंय ते आट्यांबद्दल. घरच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान आट्यांचं होतं. इंजिनची केस ॲल्युमिनियमची आणि बोल्ट पोलादी, त्यामुळे जोर जास्त झाला की केसमधले आटे जातात. मग लोक टेफ्लॉन गुंडाळतात, मोठा बोल्ट ठोकून बसवतात. असं करू नका. बोल्टचे पहिले तीन-चार आटे बोटांनीच बसले पाहिजेत. पाना त्यानंतर. आटे नुसते दुखावलेले असतील तर टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फिरवून सरळ होतात. नवीन आटे पाडायचे असतील तर एम ६ साठी ५ मिमीचं ड्रिल आणि एम ८ साठी ६.८ चं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चुरा तुटून पडतो. ॲल्युमिनियमवर रॉकेलचे थेंब सोडत राहा. आटे पूर्ण गेलेच असतील तर हेलिकॉइल बसवा. पोलादी तारेचं ते वेटोळं मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरतं.

थांबतो क्रँकपाशी. क्रँकशाफ्टचं बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड प्रेसवर बसतात आणि क्रँक सरळ आहे का ते डायल गेजवर बघावं लागतं. घरच्या हातोडीने ते होत नाही. सामान अजून पुण्याच्या नाना पेठेत मिळतं.

तासगाव, द्राक्षबाग

आमच्याकडं ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणीला उसंत नसते. ढगाळ हवा आली आणि पंप बंद पडला तर डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) थांबत नाही. म्हणून फवारणीचा ब्लोअर, एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि ट्रॅक्टर तिन्हींचं काम बागायतदाराला आलंच पाहिजे असं माझं मत आहे. मेकॅनिक त्या दिवशी दहा बागांत अडकलेला असतो.

पंपाच्या ऑइलची काच रोज बघतो. ऑइल दुधासारखं दिसलं की पाण्याचं सील गेलं असं समजायचं. सील बदलून, जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं. तसंच चालवलं तर आतली बेअरिंगं खराब होतात आणि खर्च कितीतरी वाढतो. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारून झालं की त्याच वेळी साध्या पाण्यावर पंप चालवायचा. मोरचूद धातू खातं आणि चुना नॉझलमध्ये बसतो. ‘उद्या धुऊ’ म्हणायचंच नाही.

नॉझल घासलंय की नाही हे नजरेनं कळत नाही. प्रत्येक नॉझलखाली मापाचं भांडं धरून, ठरलेल्या दाबावर एक मिनिट पाणी घ्या. नव्या नॉझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी आलं तर ते बदला. महागडं औषध जमिनीवर सांडण्यापेक्षा चकती स्वस्त पडते.

ट्रॅक्टरचं डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की हवा धरते. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. त्यानंतर स्टार्टर. नुसता स्टार्टर मारत बसलं की बॅटरी उतरते आणि हवा तिथंच राहते.

फ्युएल इंजेक्शन पंप मी उघडत नाही. त्याची सेटिंग टेस्ट बेंचवरच होते. आणि पीटीओचं (ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचं) गार्ड काढून कुणी चालवत असेल तर कृपा करून आजच बसवा. ५४० आरपीएमला फिरणारा शाफ्ट टॉवेलाचं टोक धरतो, तेव्हा हात मागं घ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही.

नागपूर

माझं काम बॅटरीचं. इकडच्या मे महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी झपाट्याने उतरतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं किंवा आरओचं नको. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुकटी जमली तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने धुवा. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून व्हॅसलीन लावा. गाडीची बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवा आणि लावताना निगेटिव्ह शेवटी लावा.

मालवण

तासगावच्या दादांनी दुधी ऑइलचं लिहिलं ते वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं निम्मं दुखणं त्यातच आहे.

या इंजिनाचा खालचा भाग पाण्यात असतो आणि गिअर तिथेच, ऑइलमध्ये. प्रोपेलरच्या मागे तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळला जातो. जाळ्याचा तुकडा, गळाची दोरी, काहीही. तो सील कापतो आणि खारं पाणी आत शिरतं. म्हणून किनाऱ्याला लागल्यावर प्रोपेलर काढून शाफ्टवर तंगूस आहे का ते बघायची सवय हवी. गिअर ऑइल बदलताना खालच्या भोकातून वर दाबत भरायचं आणि वरच्या भोकातून बाहेर आलं की थांबायचं. वरून ओतलं तर मध्ये हवा अडकते.

घरी आणलं की इंजिन पिंपावर लावून गोड्या पाण्यात चालवतो. बाजूने पाण्याची पिचकारी पडत असते ती जोरात हवी. बारीक झाली तर एक तर तिचं भोक मिठाने बुजलंय, नाहीतर इम्पेलर झिजलाय. इम्पेलर म्हणजे रबराची छोटी पाती. उथळ, वाळूच्या पाण्यात ती लवकर जातात. सुटा भाग स्वस्त मिळतो, पण त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन तापून हेड वाकडं होतं.

जस्ताचा तुकडा बसवलेला असतो, त्याला रंग लावू नका. खाऱ्या पाण्याने इंजिनाऐवजी तो खावा यासाठीच तो आहे. अर्धा संपला की बदला. हेड उघडायचं काम मात्र मी मेस्त्रींकडेच देतो. टॉर्क रेंच (मोजून जोर लावायचा पाना) त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

कलिना, मुंबई

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला. आमच्या गल्लीतल्या सगळ्या स्कूटर सीटपर्यंत पाण्यात होत्या. खालच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर आजोबा राहायचे. पाणी ओसरल्यावर त्यांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं, कुणीही स्टार्टर दाबू नका. त्यांनी मला माझ्याच ॲक्टिव्हावर शिकवलं आणि तिथून मी पाने हातात घेतले.

बुडालेल्या गाडीचा क्रम असा. बॅटरी सोडवा. प्लग काढा आणि हळूहळू किक मारा, सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून प्लग असताना जोरात फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. एअर फिल्टर कागदी असेल तर फेका. ऑइल काढा, ते दुधी असणारच. नवं भरून गाडी थोडा वेळ चालू करा आणि तेही काढून टाका. मग पुन्हा भरा. इंजिनमध्ये अडकलेलं पाणी एका ऑइलमध्ये निघत नाही. बेल्टच्या खोक्यातलं पाणी विसरू नका, नाहीतर बेल्ट घसरतो.

एरवी ऑइल, फिल्टर, प्लग, मागचे ब्रेक शू आणि टायरची हवा (एकटी असताना पुढे २२, मागे २९) मीच बघते. जुनं ऑइल कॅनमध्ये साठवून ओळखीच्या गॅरेजला देते, गटारात एक थेंब जाऊ देत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या, बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. इंजिनचा दिवा लागला की मी सर्व्हिस सेंटर गाठते. सेन्सर अंदाजाने बदलणं महागात पडतं.

कोल्हापूर

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांसाठी एवढंच. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण थंड असतानाच लावा, पिस्टन कम्प्रेशनला वर आणून. पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. गरम इंजिनावर लावलेल्या टॅपेटचं माप इंजिन थंड झालं की बदलतंय. किकला गाडी मागे मारत असेल तर पायाचा जोर वाढवू नका, आधी टायमिंग बघा. सिलिंडर बोअरिंगला उद्यमनगरात द्यायचा आणि निवांत चहा घ्यायचा, तिथं त्या कामाचे हात आहेत.

एडिसन, न्यू जर्सी

भारतात असताना मी कधी पाना धरला नव्हता, गरजच पडली नाही. इथे गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या पुढे, तेव्हा शिकलो. घराला गॅरेज आहे हे भाग्य. काही वसाहतींच्या नियमांत ड्राइव्हवेवर गाडी दुरुस्त करायला बंदी असते.

माझी २०१२ ची कॅमरी, २.५ लिटर इंजिन. ऑइल ०डब्ल्यू-२०, फिल्टरसकट ४.४ लिटर. ड्रेन बोल्टला १४ चा पाना लागतो आणि वायसर दर वेळी नवा. चाकाचे नट १०३ न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने, आणि समोरासमोरच्या क्रमाने. मालवण वाचताना लक्षात आलं की इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तुमच्या समुद्राचंच काम करतं. ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि एकाच बाजूचं पॅड संपतं. म्हणून पॅड बदलताना पिना काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवतो. ब्रेक फ्लुइडचा डबा एकदा उघडला की ठेवून देत नाही, ते हवेतला ओलावा शोषतं.

इथल्या १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना एकाच प्रकारचं ओबीडी-टू सॉकेट (गाडीतल्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा) आहे, त्यामुळे साध्या स्कॅनरवर कोड वाचता येतो. जुनं ऑइल सुट्या भागांची मोठी दुकानं फुकट घेतात. एअरबॅग आणि एसीच्या गॅसला हात लावत नाही.

लातूर

आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय. घरी एक खोली रिकामी आहे. वडिलांची बाइक आणि चुलत्यांचा ट्रॅक्टर एवढंच काम सध्या. पैसे थोडे आहेत. काका, आधी काय घ्यावं?

चिंचवड, पुन्हा

मोठा सेट घेऊ नकोस, त्यातले निम्मे पाने वापरात येत नाहीत. बाइकसाठी ८, १०, १२, १४ आणि १७ चे रिंग पाने, आपल्या नाशिकच्या टापरियाचे घे. ट्रॅक्टरसाठी १३ आणि १९ त्यात घाल. गोटी पान्यांचा सेट नंतर. पण फिलर गेज, ग्रीस गन आणि चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर सुरुवातीलाच हवा. स्क्रूचं डोकं एकदा खराब झालं की पुढची सगळी दुपार त्यातच जाते. स्टँडची जोडी गाडीखाली जाण्याआधी, हे वर लिहिलंच आहे.

व्हाइस जुना चालतो. आमच्या पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, तिथे ओतीव लोखंडाचे चांगले व्हाइस मिळतात. तसा बाजार तुझ्याकडेही असेल. घेताना स्क्रू पूर्ण फिरवून बघ आणि दोन्ही जबडे कागद धरतात का ते बघ. टॅप मात्र नवेच घे. बोथट टॅप भोकात तुटतो, आणि टॅप स्वतःच हायस्पीड स्टीलचा, त्यामुळे साधं ड्रिल त्याला लागत नाही. अशी केस मग स्पार्क मशिनवर (ठिणग्यांनी धातू झिजवणारं मशिन) न्यावी लागते.

तुझी बाइक कोणती ते लिही, मग प्लगचं आणि टॅपेटचं माप सांगतो.