एका जेवणात प्रथिनं जास्त दिली तर वाया जातात का? (आईसाठी मदत हवी आहे)

नमस्कार. आईच्या खाण्याबद्दल एक प्रश्न अडलाय. इथे आहारशास्त्रातले जाणकार आहेत, म्हणून धागा काढते आहे.

आई ६८ वर्षांची, वजन ५२ किलो, राहते सांगलीला. मधुमेह नाही, किडनीच्या तपासण्या नॉर्मल. पण वर्षभरात पायातली ताकद कमी झाली आहे. खाली बसली की उठताना हात टेकते, बाथरूममधली बादली आता अर्धीच भरून उचलते. स्नायू झडताहेत असं सांगून डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुरू करून दिली, खुर्चीतून उठबस आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम. सोबत प्रथिनं दिवसाला ५५ ते ६० ग्रॅमपर्यंत न्या म्हणाले.

तिचं खाणं असं : सकाळी चहा आणि बशीभर पोहे किंवा उपमा. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर वरण, मटकी नाहीतर मसुराची उसळ, थोडा भात, दही. रात्री दूधभात, बस्स. अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. मी हिशेब मांडला तर सकाळी जेमतेम ५ ग्रॅम, दुपारी २२-२३, रात्री ९. म्हणजे सगळं मिळून चाळिशीच्या आत.

तिला खरी भूक दुपारीच लागते. रात्री काही जड खाल्लं की पोट गच्च होतं, झोप लागत नाही. म्हणून मी ठरवलं होतं की पनीर, अंडं घालून दुपारचं जेवणच ४० ग्रॅमपर्यंत न्यावं. तर जिमला जाणारा भाचा म्हणतो, "मावशी, एका वेळी शरीर तीसच ग्रॅम घेतं. आजीला चाळीस दिलेस तर वरचे दहा फुकट."

मग वाचायला बसले, तर गोंधळ वाढलाच. २०१४ चा एक अमेरिकन अभ्यास आहे. त्यात तीन जेवणांत ३०-३० ग्रॅम दिल्यावर दिवसभरातली स्नायूंची बांधणी १०-१५-६५ अशा वाटणीपेक्षा साधारण २५ टक्के जास्त झाली. १९९९ चा फ्रान्समधला अभ्यास नेमका उलटा! त्यात अडुसष्टच्या आसपासच्या, म्हणजे आईच्याच वयाच्या बायका होत्या. दिवसाच्या प्रथिनांपैकी ८० टक्के दुपारी दिली, तर शरीरात नायट्रोजन (म्हणजे प्रथिनांचा अंश) जास्त टिकला. आता यातलं कोणतं धरायचं? आणि दुपारचे ४० ग्रॅम खरंच फुकट जातील का?

रानजाई :
मी आहारतज्ज्ञ आहे, मुख्यतः वयस्कर पेशंट बघते. आधी भाच्याच्या आकड्याबद्दल. शोषण होणं आणि स्नायूंसाठी वापरलं जाणं यात गल्लत होते आहे. खाल्लेली प्रथिनं लहान आतडं जवळजवळ सगळी शोषून घेतं, फक्त वेळ लागतो. व्हे पावडर (दुधाच्या निवळीतली प्रथिनं) तासाला ८ ते १० ग्रॅमच्या वेगाने रक्तात उतरते, शिजवलेलं अंडं ३ ग्रॅमच्या आसपास. दुपारी दीडला जेवलेली बाई संध्याकाळीही त्या जेवणावर चालत असते.

तो वीस-तीसचा आकडा बराचसा २००९ च्या कॅनडातल्या एका अभ्यासावरून रूढ झाला. सहा तरुण पुरुष, पायांचा व्यायाम, त्यानंतर अंड्याची प्रथिनं ० पासून ४० ग्रॅमपर्यंत. २० च्या पुढे स्नायूंची बांधणी फारशी वाढली नाही, जास्तीचा भाग जाळला गेला. पण मोजमाप व्यायामानंतरच्या चारच तासांचं होतं. २०१६ मध्ये स्कॉटलंडमध्ये सगळ्या अंगाचा व्यायाम करवून बघितलं तर ४० ग्रॅमने २० पेक्षा सुमारे वीस टक्के जास्त बांधणी झाली. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या गटाने तर एकदम १०० ग्रॅम दूधप्रथिनं देऊन बारा तास मोजलं. बांधणी २५ ग्रॅमपेक्षा जास्त झाली आणि जास्त वेळ टिकली. तेव्हा ४० ग्रॅमचं ताट निर्धास्त वाढा.

पण हे सगळे प्रयोग तरुण पुरुषांवरचे. म्हाताऱ्या स्नायूंची तऱ्हा वेगळी असते, थोड्याशा प्रथिनांनी ते जागे होत नाहीत. तरुणाला एका वेळी किलोमागे ०.२४ ग्रॅम पुरतात, सत्तरीच्या घरातल्या माणसाला ०.४० लागतात. ५२ किलोला हे २१ ग्रॅम झाले. तुमचा हिशेब बघा : दुपारचं जेवण ही रेघ ओलांडतं, सकाळचं आणि रात्रीचं जवळपासही जात नाही. माझ्या मते तुमची खरी अडचण पोह्यांची बशी आहे.

त्या दोन अभ्यासांत मला भांडण दिसत नाही. अमेरिकेतले लोक तरुण ते मध्यमवयीन होते. फ्रान्सचा प्रयोग दोन आठवड्यांचा, आणि त्यात नायट्रोजन मोजला, ताकद नाही. त्याच गटाने पुढे तरुण मुलींवर तो केला तेव्हा वाटणीने फरक पडला नाही. वय वाढलं की निदान एक जेवण तरी दणकट हवं, एवढं त्यातून घ्या. दुपारचं कमी करू नका, सकाळ सुधारा. आणि व्यायाम चुकवू नका, त्याच्याशिवाय नुसत्या प्रथिनांनी पाय भरणार नाहीत.

उंबरठा :
माझ्या सासूबाईंसाठी आम्ही केलं ते लिहिते. पोह्यांच्या जागी मुगाच्या डाळीची धिरडी. भिजवण्याआधी ५० ग्रॅम डाळ मोजून घ्या, त्यात १२ ग्रॅम प्रथिनं येतात. दोन मऊ धिरडी होतात, आलं-जिरं वाटून घालायचं. सोबत वाटीभर दही, चार ग्रॅम. एक उकडलेलं अंडं धरलं तर बावीसपर्यंत जातं. अंडं सकाळी नको म्हणाल्या तर अकराच्या चहाबरोबर द्या.

रात्रीच्या दूधभाताला हात लावू नका, त्यांना तेच पचतंय. फक्त दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे कालवा. पाच ग्रॅम वाढतात, पोट गच्च होत नाही. आधी थोड्या कोमट दुधात घोटून मग भातावर ओता, नाहीतर गुठळ्या होतात आणि म्हातारी माणसं वाटी बाजूला सारतात.

रानजाई :
उत्तम. डाळीची २० ग्रॅम आणि दुधा-अंड्याची २० ग्रॅम सारखी धरू नका, एवढी भर घालते. स्नायूंना जागं करणारं ल्युसिन (प्रथिनांतला एक घटक) दुधात, अंड्यात जास्त असतं, म्हणून धिरड्याबरोबरचं दही सोडू नका. तीन महिन्यांनी वजन आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पुन्हा बघा.

धागाकर्ती :
दोघींचे मनापासून आभार. भाच्याला हे वाचायला पाठवलं आहे. नव्या हिशेबात सकाळी २२, दुपारी आहे तेच २३, रात्री १४, म्हणजे साठीच्या जवळ पोचतोय आणि पनीरचा आग्रहही नको. उद्याच आईला फोन करून डाळ भिजवायला सांगते. ती एकटीच असते, रोज वाटण करणं तिला जमणार नाही. धिरड्याचं वाटलेलं पीठ फ्रीजमध्ये किती दिवस चांगलं राहतं?

उंबरठा :
दोन दिवस. मीठ आणि आलं मात्र करताना घाला.