जड तोफ: सैन्याचं बळ की पायातली बेडी?

फोंडेकार:
गोव्यातल्या रेइस मागोस किल्ल्याच्या तटावर तोफा बघताना लोक नळीची लांबी मोजतात. ती तोफ तिथवर आणली कशी, हे कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे, जड तोफ ज्याच्याकडे, तो तिचाच कैदी. बर्निये या फ्रेंच वैद्याने औरंगजेबाच्या ७० जड तोफा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. काहींना बैलांच्या २० जोड्या लागत, चढ आला की हत्ती मागून रेटत. बादशहा आडवाटेने शिकारीला वळला की या तोफा हमरस्त्यावरच राहत. आमच्या घाटांत आणि खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, चिखलात त्यांचं काय झालं असतं?

म्हापशेकार:
फोंडेकारबाब, तुमच्याच गावाचं उदाहरण घ्या. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांचा विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्वोर दुर्भाटच्या बंदरात उतरून मराठ्यांच्या फोंड्यावर चालून गेला. त्याच्या तोफांनी कोटाला भगदाड पाडलं! येसाजी कंकांसारखे शूर आत होते म्हणून कोट टिकला. तोफ कुचकामी असती तर त्यांना एवढं रक्त का सांडावं लागलं? शिवाय गोवा पाण्याचा मुलूख. जे ओझं बैलांना रस्त्यावर ओढवत नाही, ते गलबत सहज नेतं. दुर्भाटपासून पुढची वाट तेवढी जमिनीवरची.

फोंडेकार:
आणि त्याच वाटेने परतताना त्याचे हाल झाले, ते का सांगत नाही? संभाजी महाराज स्वार घेऊन धावून आले आणि विजरईला वेढा उठवावा लागला. मागे शत्रू लागलेला असताना तोफगाडा ओढत नदीपर्यंत जायचं, हे संकटच.

डिचोलीची वाचक:
त्याच महिन्यातलं पोर्तुगीजांचं जुवे बेट दोघेही विसरलात. मराठे ओहोटीच्या वेळी रात्री पाणी ओलांडून गेले आणि किल्ला घेतला. जड तोफा घेऊन हे जमलं नसतं. मात्र म्हापशेकारांचं एक मला पटतं, नुसत्या स्वारांनी तट पडत नाहीत. १७३९ ला वसईत चिमाजी अप्पांना तटाखाली सुरुंग पेरावे लागले.

म्हापशेकार:
सुरुंग पेरायचे तर तटापर्यंत मोर्चे, म्हणजे आडोशाचे खंदक, न्यावे लागतात, आणि वरचा मारा दाबायला तोफा लागतातच. ओझ्याची भीती सांगता, तर मलिक-ए-मैदान तोफ बघा. सुमारे ५५ टनांची, १५४९ ला अहमदनगरात ओतलेली. ती आधी परांड्याला आणि तिथून विजापूरला गेलीच ना?

फोंडेकार:
गेली, पण विजापूरच्या बुरुजावर चढली आणि तिथेच राहिली. मोहिमेला निघणाऱ्या सैन्याला तिचा काय उपयोग? उंटाच्या पाठीवरचा जंबुरा, म्हणजे छोटी तोफ, घोडदळाबरोबर दौडत होता. मला तोच तोफखाना खरा वाटतो.

म्हापशेकार:
जंबुऱ्याने आग्वाद किल्ल्याचा तट पाडून दाखवा, मग मान्य करीन.